हिप-हॉप ही 'जगायची पद्धत' आहे म्हणजे नक्की काय? कोल्हापुरातल्या जाणकारांनी सांगावं

राजारामपुरीकर_आई

नमस्कार. माझी मुलगी अकरावीला आहे. गेल्या दिवाळीपासून ती संध्याकाळी ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपमधला जमिनीवर उतरून करायचा नाच, शिकायला जाते. सुरुवातीला मला वाटलं, गॅदरिंगच्या डान्सची तयारी असेल. पण हळूहळू तिचं वागणं बदललंय. वाईट नाही, वेगळं. माळ्यावरच्या जुन्या कॅसेट काढून ऐकत बसते. आजोबांना विचारते, तुमच्या वेळी गल्लीत कोण काय वाजवायचं, कोण गायचं. वहीच्या मागच्या पानांवर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर निरनिराळ्या तऱ्हांनी काढत असते. परवा तिच्या मामानं सहज विचारलं, "किती महिन्यांचा कोर्स आहे गं?" तर म्हणाली, "मामा, कोर्स नाही हा. ही जगायची पद्धत आहे." मामा गप्प झाला आणि मलाही काही बोलायला सुचलं नाही.

मला खरंच समजून घ्यायचंय. नाच ही जगायची पद्धत कशी होते? अमेरिकेतल्या पोरांचं हे आपल्या मुलांना कुठे लागू पडतं? आणि रॅपमधल्या शिव्या, बंदुका, बायकांबद्दलची ती भाषा ऐकली की पोटात गोळा येतो. तिला सरळ 'बंद कर' म्हणायचं नाहीये. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

लक्षतीर्थ_वसाहत

ताई, आमच्या पुतण्याचंही हेच सुरू झालं होतं. ढगळ कपडे, टोपी, मोबाईलवर दिवसभर ढाकढुक. त्याला विचारलं तर तोही असंच काहीतरी बोलायचा. माझं स्पष्ट मत, बारावी होईपर्यंत थांबवा. नंतर काय ते करू दे.

शिरोली_दुसरी_पाळी

ताई, तुमच्या मुलीनं मामाला बरोबर उत्तर दिलंय. सोळाव्या वर्षी ते उलगडून सांगता येत नाही, एवढंच. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे आणि कॉलेजात असल्यापासून ब्रेकिंग करतो. आता लहान पोरापोरींना शिकवतोही. थोडं लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून लिहितो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधला ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू नावाची रहिवासी इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते, पैसे नव्हते. तिनं इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि दारावर तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह. त्यालाच पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखायला लागलं. घर मूळचं जमैकाचं. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका तुकड्याची वाट बघत थांबतात. गाणारा गप्प होतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम वाजत राहतो, तो तुकडा. पण तो जेमतेम काही सेकंदांचा. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या यंत्रांवर, ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली हातानं मागे. ते काही सेकंद कितीतरी मिनिटं चालत राहिले आणि त्यावर पोरं जमिनीवर उतरली. ब्रेकिंग तिथून आलं.

आता ही पोरं कोण होती ते बघा. आफ्रिकन-अमेरिकन, पोर्तो रिकन, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या घरांतली. त्यांच्या वस्त्या चिरून एक्स्प्रेसवे गेला होता. कारखाने बंद पडत होते. घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावत होते. १९७५ मध्ये तर अख्खी न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती. अशा ठिकाणी हर्ककडे बँड नव्हता. दुसऱ्यांनी वाजवून ठेवलेल्या रेकॉर्ड होत्या, मोठे स्पीकर होते आणि कान होता. जे हाताशी आहे त्यातून आजवर कुणी न ऐकलेलं काढायचं. मला हिप-हॉपमधलं सगळ्यात जास्त हेच भिडतं, आणि तुमची मुलगी माळ्यावरच्या कॅसेट काढते तेव्हा ती हेच करते.

बंदुकांचं तुम्ही विचारलंत. त्यासाठी अजून दोन वर्षं मागे जावं लागतं. ब्राँक्समध्ये तेव्हा टोळ्यांचं राज्य होतं. डिसेंबर १९७१ मध्ये 'घेट्टो ब्रदर्स' टोळीचा ब्लॅक बेंजी नावाचा तरुण मारामारी सोडवायला मध्ये पडला आणि मारला गेला. टोळीतच त्याच्याकडे समेट घडवण्याचं काम होतं. सगळ्यांना वाटलं, आता बदला घेतला जाणार, रस्त्यावर मुडदे पडणार. पण त्याच्या टोळीच्या म्होरक्यांनी बदला नाकारला. हो अव्हेन्यूवरच्या बॉईज क्लबमध्ये टोळ्यांचे पुढारी एकत्र बसले आणि तह झाला. तो तह काही कायम टिकला नाही. पण एका भागातला पोरगा दुसऱ्या भागातल्या पार्टीला जाऊ शकेल इतकी वाट मोकळी झाली, आणि म्हणून दोनच वर्षांत सिंडीच्या पार्टीसारखं काही घडू शकलं. ब्रेकिंगच्या बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या नाचाच्या सामन्यात, समोरच्याच्या तोंडाजवळ जाऊन खुन्नस दिली जाते, हातवारे होतात, पण अंगाला हात लावायचा नाही. हा नियम कुठून आला असेल ते या इतिहासावरून कळतं. भांडण नाचात उतरवायचं. आपल्याकडे दोन पेठांची फुटबॉल मॅच झाल्यावर शाहू स्टेडियमबाहेर काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून बघतोय. म्हणून या नियमाची किंमत मला फार वाटते.

आता 'जगायची पद्धत'. कोल्हापूरच्या माणसाला हे तालमीवरून पटकन कळेल. तालमीत जाणारा पोरगा नुसते डाव शिकत नाही. माती कशी राखायची, वस्तादासमोर कसं उभं राहायचं, नवख्याला कसं धरायचं, हे सगळं अंगात उतरतं आणि तो घरी, रस्त्यावर, कामावर तसाच वागायला लागतो. हिप-हॉपचंही तसंच. डीजेइंग म्हणजे रेकॉर्ड वाजवणं, एमसीइंग म्हणजे रॅप, ब्रेकिंग, आणि ग्राफिटी म्हणजे भिंतीवरची अक्षरं-चित्रं, ही चार अंगं. पाचवं अंग ज्ञानाचं धरतात, हे कुठून आलं आणि आपण कोण याची जाण. वहीतल्या त्या अक्षरांची काळजी करू नका, ते चौथं अंग आहे. फक्त दुसऱ्याच्या भिंतीवर मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नको, एवढं मात्र सांगा.

आमच्यात एक पोरगा आहे, करवीर तालुक्यातलाच. यायला लागला तेव्हा एका कोरियन बी-बॉयचा, म्हणजे ब्रेकिंग करणाऱ्याचा, सेट मोबाईलवर बघून जसाच्या तसा करायचा. हात-पाय सफाईदार, बघणारे टाळ्या वाजवायचे. दुसऱ्याचं असं जसंच्या तसं उचलणं, आमच्यात याला बाइटिंग म्हणतात आणि ते वाईट समजलं जातं. शिकताना उचलायला हरकत नाही, सगळे तसेच शिकतात. पण सायफरमध्ये, म्हणजे गोल करून उभ्या असलेल्या पोरांच्या मधोमध उतरताना, स्वतःचं काहीतरी घेऊन यायचं असतं. त्याला विचारलं, तुझ्या घरी काय असतं? म्हणाला, गुऱ्हाळ. मग दाखव की. तो आधी लाजला. गुऱ्हाळात राबतो हे त्यानं कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं. आठवडाभरानं आला आणि टॉपरॉकला सुरुवात केली. उभ्यानं पाय पुढे-मागे टाकायचे तो भाग. त्यात त्यानं काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, ढवळण्याची हालचाल घेतली होती. लांब दांडा दोन्ही हातांनी धरल्यासारखा, कंबर वळवून, वाफेनं तोंड बाजूला घेऊन, आणि रस घट्ट होत जाईल तसा हात जड होत गेलेला. तो जडपणा बरोबर ड्रमच्या ठोक्यावर पडत होता! अख्खा हॉल ओरडला. आता तो गोव्याला जाऊ दे नाहीतर पुण्याला, लोक त्याला त्या स्टेपवरून ओळखतात. आणि त्याच्या वागण्यातही फरक पडला. वडिलांच्या कामाबद्दल तो आता आपणहून बोलतो. वर्ष संपलं की संपेल असा हा कोर्स नाही, हे तुमची मुलगी म्हणते ते यासाठी.

शिव्यांचं खोटं सांगणार नाही. तसं रॅप भरपूर आहे, आणि बायकांना हीन लेखणारंही. कंपन्यांना विकायला तेच सोपं गेलं. मला ते आवडत नाही आणि माझ्या वर्गात मी ते लावत नाही. पण बायका यात पहिल्या दिवसापासून आहेत, हे मुलीला आवर्जून सांगा. पहिली पार्टी एका मुलीनं ठेवली. शा-रॉक सत्तरीच्या दशकात माईकवर होती. लेडी पिंक ट्रेनवर चित्रं काढत होती. २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक तुम्ही बघितलंच असेल. १ ऑगस्टला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हा सगळं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. त्यानंतर आठच दिवसांनी त्याच पॅरिसमध्ये ब्रेकिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि पहिलं सोनं जपानच्या अमी नावाच्या मुलीनं घेतलं. त्याच दिवशी निर्वासितांच्या संघातली मनिझा तलाश ही अफगाण मुलगी अफगाण स्त्रियांना मुक्त करा असं लिहिलेलं कापड पाठीवर पसरून नाचली. राजकीय घोषणेला तिथं बंदी असल्यानं तिला अपात्र ठरवलं. जगासमोर उभं राहायला मिळालेली ती मोजकी मिनिटं तिनं मागे राहिलेल्या बायकांसाठी वापरली. पाचवं अंग काय असतं असं कुणी विचारलं की मी हा व्हिडिओ दाखवतो.

करवीर_डफ

वाचलं. चांगलं लिहिलंयस बाळा. पण माझं एक म्हणणं आहे. आमच्या घरात तीन पिढ्या शाहिरी आहे. कलगी-तुऱ्याचे फड मी लहानपणी आज्ज्याच्या मांडीवर बसून ऐकलेत. कलगीवाले शक्तीच्या बाजूनं, तुरेवाले शिवाच्या बाजूनं. एकानं कवनातनं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं कवनातच जबाब द्यायचा. रात्र सरायची पण कुणी उठायचं नाही. जबाब आला नाही तर डफ खाली ठेवायचा. तू ज्याला बॅटल म्हणतोस ते याहून काय वेगळं? मागं उभा राहून शब्द उचलणारा झिलकरी आहे, ठेक्याला डफ आहे, तुणतुणं आहे. शाहीर पिराजीराव सरनाईक याच कोल्हापूरचे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणी कामगारांची व्यथा गाऊन सांगितली. मग पोरांनी अमेरिकेच्या मागं कशाला जायचं? हे आमच्याकडं आधीपासून होतंच की.

शिरोली_दुसरी_पाळी

काका, तुमच्यासारखी माणसं इथं लिहितात याचा आनंद वाटला. फडाचं तुम्ही जे सांगितलंत ते मी फक्त ऐकून आहे, तुम्ही जगलात. तरी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

'आमच्याकडे आधीपासून होतं' असं म्हटलं की ज्यांनी ते घडवलं त्यांचं नाव पुसलं जातं. ब्राँक्समधल्या त्या काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांजवळ घर नव्हतं, काम नव्हतं, शहरानं त्यांना टाकून दिलं होतं, आणि त्यांनी हे उभं केलं. आम्ही इथं कोल्हापुरात त्यांचं घेतलंय. घेतलंय तर नाव घ्यायला पाहिजे. कुणाकडून काय शिकलो ते सांगणं हा आमच्यात रिवाजच आहे. कुणाची स्टेप केली तर पोरं लगेच विचारतात, कुणाची?

आणि हाच प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा. हलगी म्हणजे कोल्हापूर, असं आपण छाती काढून सांगतो. खासबागेत कुस्ती लागली की हलगी पाहिजे, मिरवणुकीत पाहिजे, प्रचाराला पाहिजे. पण पिढ्यान् पिढ्या ती कुणी वाजवली? मातंग समाजातल्या माणसांनी. वाद्य सगळ्यांचं झालं आणि वाजवणारा मंडपाबाहेर उभा राहिला. शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्या शहरात हे बोलायला कुणाला जड जाऊ नये. ज्याचं त्याला देणं हिप-हॉपनं मला शिकवलं, आणि हलगीबद्दल हा विचार माझ्या मनात ब्रेकिंगमुळेच आला.

शाहिरी आणि रॅप यांच्यात मला फरकही दिसतो. फडाला परंपरा आहे, गुरू आहे, अध्यात्माचा आधार आहे, सवालांना घराण्याची बैठक आहे. त्या पोरांना गुरू नव्हताच. मोठी पोरं अठरा वर्षांची, लहान तेरा. दोन्हींना आपापलं नाव राहू दे आणि मग शेजारी बसू दे. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर गाणं केलं, तेव्हा तिथल्या आदिवासी पाड्यातले प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले. त्यांचा आवाज त्यांच्याच नावानं. मला हे असं पाहिजे.

आमच्यातली एक मुलगी शिरोळकडची आहे. तिनं मराठीत पहिलं कडवं लिहिलं ते २०१९ च्या पुरावर. घरातल्या भिंतीवर पाणी चढल्याची रेघ, त्या रेघेखाली वडिलांनी खिळ्यानं कोरलेली तारीख, आणि २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा आईनं आधी गाय सोडली मग कपाट, असं सगळं त्यात आहे. बोली तिच्या गावचीच, एक शब्द मुंबईचा नाही. काका, तुम्ही ऐकलंत तर मात्रा कुठं ढिली पडते ते तुम्ही लगेच सांगाल. आम्हाला ते येत नाही, आणि आम्हाला त्याची गरज आहे.

करवीर_डफ

नाव घेण्याचं म्हणतोस ते पटलं. हलगीचं तर जास्तच. आमच्या फडातला हलगीवाला माझ्या वडिलांच्या वयाचा होता, जेवायला वेगळा बसायचा. कुणी त्याबद्दल बोलत नसे. मी बोलतो आज.

राजारामपुरीकर_आई

तुम्हा दोघांचं दोनदा वाचलं. तिच्या आजोबांनाही वाचून दाखवलं, ते कलगी-तुऱ्यावर बराच वेळ बोलत होते. आता माझे साधे प्रश्न, राग मानू नका. हात-मान मोडायची भीती किती? खर्च किती? शिकवणारे कोण, संध्याकाळी उशीर होतो, तिथे कोण असतं हे मी कसं बघायचं? आणि याची परीक्षा, सर्टिफिकेट काही असतं का?

शिरोली_दुसरी_पाळी

राग कसला ताई, हे प्रश्न प्रत्येक आईनं विचारावेत.

सर्टिफिकेट नाही. सायफरमध्ये उतरलात की सगळ्यांना कळतं.

दुखापत: जास्त करून मनगट आणि खांदा. म्हणून पहिले काही महिने फूटवर्क म्हणजे जमिनीवर हात टेकून पायांच्या हालचाली, त्यातली सिक्स-स्टेप, आणि साधे फ्रीझ म्हणजे एका स्थितीत थांबणं, एवढंच करावं, सोबत मनगटाचे व्यायाम रोज. हेडस्पिन (डोक्यावर फिरणं), विंडमिल (पाठ-खांद्यावर गोल फिरणं) लवकर शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मान तयार व्हायला वेळ लागतो. शहाबादी फरशीवर थेट करू देऊ नका. आम्ही जुने फ्लेक्स आणतो, वाढदिवसाचे, उद्घाटनाचे. गुळगुळीत बाजू वर करून ताणून टेपनं चिकटवतो, खाली जाड सतरंजी. सुरकुती राहिली तर पाय अडकतो, तेवढं बघायचं.

खर्च: चांगल्या पकडीचे बूट आणि गुडघ्याचे पॅड. बाकी काही नाही. महागडी टोपी, जॅकेट कुणी मागत असेल तर ती दुकानदारी आहे.

शिकवणाऱ्याबद्दल मात्र मी कडक बोलणार. ब्राँक्सचा डीजे आफ्रिका बंबाटा हे या संस्कृतीतलं फार मोठं नाव. टोळीतल्या पोरांना त्यानं संगीताकडे वळवलं, असं आम्ही सगळे शिकत आलो. २०१६ मध्ये काही पुरुषांनी पुढे येऊन सांगितलं की लहानपणी त्यानं त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. त्यानं आरोप नाकारले. मला त्या बोलणाऱ्या माणसांचं ऐकणं भाग वाटतं आणि मी पोरांना इतिहास सांगताना हेही सांगतो. कला मोठी आहे म्हणून शिकवणारा विश्वासू ठरत नाही, ब्राँक्समध्ये नाही आणि आपल्या पेठेतही नाही. त्यामुळे सरावाचं दार उघडं पाहिजे. आई-बाप कधीही न सांगता येऊन बसू शकले पाहिजेत. मुलीला एकटीला 'खास सराव' म्हणून बोलावलं तर सरळ नाही म्हणायचं. ज्या शिक्षकाला हे खटकतं तिथून मुलगी काढून घ्या. ब्रेकिंग दुसरीकडेही शिकता येतं.

अभ्यासाचं, 'लक्षतीर्थ_वसाहत' यांनी लिहिलंय त्यावर. मी बारावीच्या पोरांना जानेवारीपासून आठवड्यातून एकदाच यायला सांगतो. पूर्ण बंद करू नका. या वयात अंगातून जे बाहेर पडायचं असतं त्याला एक जागा लागते.

करवीर_डफ

रविवारी सकाळी सराव असतो का? माझा एक मित्र आहे, घरात चार पिढ्यांची हलगी. त्याला घेऊन येऊ म्हणतो. आणि त्या शिरोळच्या पोरीचं कडवं ऐकायचंय.

शिरोली_दुसरी_पाळी

याच काका. आठला सुरू होतं, पत्ता मेसेज करतो. राजारामपुरीच्या ताई, तुम्ही पण आजोबांना घेऊन या.

एक विनंती, तुमच्या मित्रांना आधी सांगून ठेवा. हलगी रंगात आली की लय चढत जाते, तिची मजाच त्यात. ब्रेकिंगला लय एका जागी लागते, मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोके. पहिली दहा मिनिटं त्यांनी एकच लय धरावी, म्हणजे पोरांना पाय बसवता येतील. नंतर हवी तेवढी चढवू देत, कोण टिकतंय ते बघू. कैताळ (झांजा) असेल तर आणा, घुमकं (हलगीसोबतचा मोठ्या घुमाऱ्याचा ढोल) राहू दे, हॉलचं छत ठेंगणं आहे, आवाज घुमतो. आणि त्यांचं पूर्ण नाव मला आधी कळवा. सुरू करताना पहिलं नाव त्यांचं पुकारायचंय.